‘ओरिजिनल’ म्हणजे नेमके कधीचे? मुळशी, राजदूत आणि मागचा शॉकअप

मुळशी हे नाव उर्वरित महाराष्ट्राला बहुधा दोनच गोष्टींमुळे ठाऊक असते. एक, १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सुरू झालेला, सेनापती बापटांच्या नावाशी जोडला गेलेला सत्याग्रह. आणि दुसरी, २०१८ चा ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट. पहिल्यात जमीन पाण्याखाली जाते, दुसऱ्यात ती विकली जाते. या दोहोंच्या मध्ये जवळजवळ शंभर वर्षे आहेत आणि त्या काळात इथली माणसे दूध, भात, भाजी घेऊन पुण्याकडे रोज ये-जा करीत होती. कशावरून, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. आजचा भाग त्या न लिहिलेल्या गोष्टीच्या एका फार लहान तुकड्याविषयी आहे : जुन्या मोटारसायकलींच्या मागच्या शॉकअपविषयी.

प्रथम शब्दाचे पाहू. पाठ्यपुस्तकी मराठीत याला ‘निलंबन प्रणाली’ म्हणतात. आमच्या घरात निलंबन हा शब्द केवळ सरकारी नोकरीच्या संदर्भात उच्चारला जाई, तोही दबक्या आवाजात. म्हणून मी गॅरेजमधलेच शब्द वापरते. स्प्रिंग आणि तेलाची नळी एकत्र असलेला तो शॉकअप. आणि मागचे चाक ज्याच्या दोन दांड्यांमध्ये धरलेले असते, जो पुढच्या टोकाशी चौकटीला खिळून वरखाली झुलतो, तो चिमटा. या शब्दांना कोणत्याही परिभाषा कोशाची मान्यता लागली नाही.

मोटारसायकलीला मागे शॉकअप असतोच असे आपण गृहीत धरतो, पण दुसऱ्या महायुद्धापर्यंत बहुतेक गाड्यांना तो नव्हता. ब्रिटिश लष्कराच्या बीएसए एम-२० किंवा नॉर्टन १६-एच या गाड्या पाहा : मागचे चाक थेट चौकटीला जखडलेले, आणि चालकाच्या पाठीच्या कण्याची काळजी घ्यायला फक्त आसनाखालच्या दोन स्प्रिंगा. १९४६ च्या जावा ‘पेराक’ने मागच्या आसाला दोन्ही बाजूंना स्प्रिंगच्या उभ्या नळ्यांत बसवले. चेक भाषेत ‘पेरो’ म्हणजे स्प्रिंग. गाडीला नावच त्यावरून मिळाले. १९४८ मध्ये रॉयल एनफील्डने बुलेटचा नवा नमुना स्पर्धांत उतरवला तेव्हा त्याला मागे चिमटा आणि तेलाचे दोन शॉकअप होते. मागे स्प्रिंग असेल तर खडकाळ चढावर चाकाची पकड सुटेल, असे त्या वेळचे जाणकार सांगत. त्याच वर्षी सान रेमो येथील सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बुलेटच्या स्वारांनी सुवर्णपदके मिळवली.

भारतात मोटारसायकल-उद्योग उभा राहिला तो या वादाचा निकाल लागल्यानंतर. १९५५ मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया, १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावाचे उत्पादन, आणि त्याच सुमारास पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीच्या परवान्यावर एस्कॉर्ट्सची राजदूत. तिन्ही गाड्यांना मागे चिमटा आणि दोन शॉकअप. १९६१ मध्येच मुंबईत गॅब्रिएल इंडियाची स्थापना झाली आणि मुलुंडच्या कारखान्यातून शॉकअप बाहेर पडू लागले. उद्योगाचा इतिहास इथवर आणून सोडला की तो पूर्ण झाला असे मानण्याची पद्धत आहे. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

कारण पोलंडमधल्या अभियंत्याने एम-११ चा मागचा शॉकअप आखताना जे ओझे डोळ्यांपुढे धरले असेल, त्यात चाळीस लिटरचे दोन दुधाचे कॅन खचित नव्हते.

माझ्या आजोबांची राजदूत हे माझ्या या विषयातील पहिले साधन. पौडच्या पलीकडच्या एका वाडीतून पहाटे कोथरूडला दूध घालायचे, अशी तिची कैक वर्षांची चाकरी. दोन कॅनमधले दूधच ऐंशी किलोंच्या वर, शिवाय कॅनचे आणि ते अडकवायच्या लोखंडी सांगाड्याचे वजन. म्हणजे मागे एक धडधाकट माणूस कायमचा बसलेला, आणि तोही असा की जो वळणावर अंग झुकवत नाही. उलट आतल्या आत हिंदकळतो. वाटेत पिरंगुटचा घाट. पावसाळ्यात मुळशीचे रस्ते कसे होतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको.

अशा वापरात शॉकअपचे काय होते? स्प्रिंग धक्का झेलते, पण झेललेला धक्का ती परतही करते. तो परतीचा जोर जिरवण्यासाठी नळीत तेल असते. ते बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि धक्क्याची ऊर्जा उष्णता होऊन विरते. ऑइल सील झिजले की तेल गळते, आणि मग मागे उरते ती नुसती स्प्रिंग. गाडी खड्ड्यातून बाहेर आल्यावरही दोन-तीनदा उचलत राहते, चाक जमीन सोडते, आणि नेमका तेव्हाच ब्रेक दाबला गेला तर पुढचे सांगण्यासारखे नसते. आजोबांच्या उजव्या कोपरावर त्या प्रसंगाची खूण शेवटपर्यंत होती. त्या दिवशी सांडलेल्या दुधाचा हिशेब ते कोपरापेक्षा अधिक वेळा सांगत.

त्यानंतर गाडीत बदल झाले. मूळ स्प्रिंगा काढून अधिक जाड तारेच्या बसवल्या. स्प्रिंग जाड केली की ती परत फेकतेही अधिक जोराने, म्हणून मिस्त्रींनी नळीतले तेलही अधिक घट्ट घातले. चिमट्याचे बुश लेथवर नव्याने कातून घेतले. आणि शॉकअपचे वरचे टोक चौकटीला जिथे बसते तिथे जाड लोखंडी पट्टी वेल्ड केली. यातले एकही काम एस्कॉर्ट्सच्या कोणत्या पुस्तिकेत नसेल. माझ्या लेखी मात्र ही चार कामे मिळून एक दस्तऐवज होतो : किती ओझे, कसला रस्ता, कुठली गरज, आणि हाताशी काय उपलब्ध होते, हे सारे त्यात नोंदलेले आहे.

आता वर्तमानात येऊ. जुन्या राजदूत, येझदी, आरएक्स-१०० यांना गेल्या काही वर्षांत हौशी ग्राहक मिळू लागले आहेत. आनंदाची गोष्ट आहे. परंतु या बाजारात एक शब्द फार जोरात चालतो, ‘ओरिजिनल’. आमची गाडी पाहायला आलेल्या एका गृहस्थांनी जाड स्प्रिंगा पाहिल्या, वेल्ड केलेली पट्टी पाहिली आणि हळहळत म्हणाले, “गाडीचं वाटोळं केलंय हो कोणीतरी.” ते सारे घासून, कापून, गाडी कारखान्यातून निघाली तशी करून घेण्याचा त्यांचा बेत होता. बाबा विकायला जवळजवळ तयार होते.

मला त्या वाक्याचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. कारखान्यातून निघालेली गाडी ही त्या गाडीच्या आयुष्यातील एका दिवसाची अवस्था. उरलेली चाळीस वर्षे ती जशी होती ते खोटे, आणि तो एक दिवस खरा, हा हिशेब कोणत्या शास्त्रात बसतो? एखाद्या वाड्याला पेशवाईनंतर पाडलेली खिडकी बुजवली की वाडा अधिक अस्सल होतो का? ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ च्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या पुस्तकात (शीर्षकातील योगायोग माझा नव्हे) असे मांडले की तंत्रज्ञानाचा इतिहास आपण शोधांचा म्हणून लिहितो. तो वापराचा, देखभालीचा म्हणून लिहिला तर चित्र फार वेगळे दिसते. डेव्हिड अर्नोल्ड यांनी भारतातील सायकल, शिवणयंत्र, टंकयंत्र यांच्याबाबत त्याच दिशेचे काम केले आहे. मोटारसायकलीचे तसे काम मराठीत व्हायचे आहे.

हे सर्व मी मोठ्या आवेशात पौडच्या मिस्त्रीकाकांना सांगितले. या गाडीतले काहीही बदलायचे नाही, असेच ठेवायचे, असा माझा हुकूम होता. काका उकिडवे बसून चिमटा दोन्ही हातांनी आडवा हलवून पाहत होते. मग त्यांनी रॉकेलच्या फडक्याने ती वेल्ड केलेली पट्टी पुसली आणि मला वाकून बघायला सांगितले. पट्टीच्या कडेला, मूळ नळीवर, केसासारखी एक रेघ होती.

“ताई, स्प्रिंगा ठेवा, त्या चांगल्यायत. पण ही पट्टी नका ठेवू. पट्टी मजबूत झाली, म्हणून सगळा ताण तिच्या कडेला आला. तिथंच तडा गेलाय. कधीतरी घाटात ही चौकट उघडंल.”

थोडा वेळ मी काही बोलले नाही. माझ्या दस्तऐवजाचे सर्वांत ठळक पान फाडून टाका, असे ते सांगत होते, आणि त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचे पोलाद बदलते. कडक भाग जिथे संपतो आणि लवचीक भाग सुरू होतो त्या सीमेवर ताण साचतो. आजोबांची पट्टी ही त्यांच्या काळची गरज होती आणि त्याच वेळी ती चूकही होती.

तेव्हापासून माझे मत थोडे बदलले आहे, आणि ते इथे स्पष्ट नोंदवते. झिजलेले बुश बदलणे, सील बदलणे, तेल घालणे ही दुरुस्ती. तिच्याशिवाय गाडी रस्त्यावर आणूच नये. ओझ्यासाठी स्प्रिंग बदलणे हा वापरातून जन्मलेला बदल. तो नीट केला असेल तर तो जपावा, आणि नीट केला नसेल तर आधी फोटो काढून, मापे लिहून, मग काढावा. तिसरा प्रकार अलीकडे पिरंगुट-भूगावच्या रस्त्यावर सर्रास दिसतो : शॉकअपच्या खाली लोखंडी तुकडा जोडून मागची बाजू उंच करणे, चिमटा कापून लांब करणे, दोन शॉकअप काढून जुन्या चौकटीत मध्यभागी एकच बसवणे. मागून गाडी उंच केली की पुढच्या फोर्कचा कोन उभा होतो आणि वेगात हँडल चंचल होते; चिमट्याचा कोन बदलला की चेन मध्येच ताठ, मध्येच सैल पडते. एक शॉकअप मध्यभागी आणायचा तर चौकटीचा तो भाग त्या भारासाठी मुळात आखलेला नसतो. या प्रकाराबद्दल मला सहानुभूती नाही. उद्याचा इतिहासकार तिलाही साधन म्हणेल, हे मान्य. पण त्यासाठी आजच्या मुलाने हाडे मोडून घेण्याची गरज नाही.

कायदा या तिन्हींकडे कसा पाहतो? मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांहून भिन्न होतील असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. प्रमाणपत्रात दोन चाकांमधले अंतर नोंदलेले असते, तेव्हा लांब केलेला चिमटा सरळ कचाट्यात येतो. झिजलेल्या शॉकअपच्या जागी चांगला शॉकअप येत नाही, असे माझे वाचन आहे. तरीही ‘निर्मात्याचे मूळ’ हा मापदंड जुन्या गाडीला लावताना पंचाईत होते. आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्या गाडीचा निर्माता आज व्यवहारात कोण आहे? पौडचे काका, असे माझे उत्तर आहे.

आणि काकांचीही विद्या आता अडचणीत आहे. जुने शॉकअप बरेचसे उघडता येत : टोपण फिरवायचे, तेल काढायचे, सील बदलायचे. आजचे बहुतेक शॉकअप कारखान्यातच दाबून बंद केलेले असतात. वायू भरलेले तर उघडू पाहणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतात. गळला की फेका, नवी जोडी घ्या. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, त्यात वाहनक्षेत्राचाही समावेश आहे. पण बंद नळी संकेतस्थळाने उघडत नाही. काकांचा मुलगा चाकणला नोकरीला जातो. सील कसे बसवायचे हे त्याला येते, पण त्याचे त्याला काम पडत नाही.

राजवाडे गावोगाव पायी फिरून माळ्यांवरची दप्तरे गोळा करीत होते तेव्हा कित्येक घरांत ती रद्दीत गेलेली असत. भंगारवाल्याच्या काट्यावर जुना शॉकअप पाहिला की मला आता त्या रुमालांची आठवण येते. तुलना मोठी आहे, क्षमस्व.

गाडी विकली नाही. पट्टी कापली, तडा गेलेला नळीचा तुकडा बदलून घेतला, स्प्रिंगा तशाच ठेवल्या. कापलेली पट्टी माझ्या टेबलावर आहे, तिच्यावर तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवून.

तुमच्या घरी, गोठ्यात, गॅरेजमध्ये अशी वापरासाठी बदललेली जुनी गाडी असेल तर मागच्या भागाचा फोटो आणि तिच्यावरून काय वाहिले जात असे, एवढे खाली लिहा. गॅरेजची जुनी बिले असतील तर फारच उत्तम. गाडीचा क्रमांक तेवढा झाकून टाका.