गोळी तिची, हिशेबही तिचाच

गर्भनिरोधक इंजेक्शनांवर आपण रान उठवलं होतं. १९८६ साली हैदराबादची स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची सहेली आणि इतर काही जणी नेट-एनविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मुद्दा साधा होता: बाईच्या शरीरात काय घालताय, त्याचे दुष्परिणाम काय, हे तिला आधी सांगा. चिंतेच्या गोळीबद्दल मात्र तोच प्रश्न विचारायला आपण कचरतो. गावात कुजबुज होते, 'वेडाची गोळी खाते.' आणि आपल्यातल्याच काही जणी म्हणतात, 'बाईचं दुःख समाजानं दिलेलं, त्यावर गोळी कशाला?' दोन्हीकडून ती बाई एकटीच पडते.

मी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात बायकांबरोबर काम करते. इथली भीती खोटी नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्यानंतर रानाकडे पाहून कुणाचा जीव घाबरला, तर तो आजार नव्हे. तिथे बंदोबस्तच हवा. पण महिनोन् महिने झोप नाही, घरात बसूनही छाती धडधडते, चुलीवरचं विसरतं, पोरावर उगाच हात उठतो, असं झालं तर तिला मदत लागते. (आधी रक्त तपासून घ्या. रक्त कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं, तरी छाती अशीच धडधडते.) बोलण्यानंही पुष्कळ जणींना उतार पडतो. पण दर आठवड्याला बोलायला जायचं कुठे? मजुरी बुडवून, एसटी पकडून?

म्हणून गोळी. आणि इथे एक गोष्ट बायकांना कुणी समजावून सांगत नाही. या गोळ्या दोन तऱ्हेच्या असतात, आणि त्यांचा हिशेब एकमेकींच्या उलट असतो.

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन या गोळ्यांत त्रास आधी, गुण मागाहून. पहिले आठ-पंधरा दिवस मळमळ, डोकेदुखी, कधी तर घाबरणं उलट वाढतं. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. हे ठाऊक नसलं की बाई चौथ्या दिवशी म्हणते, "गोळीनं तं जास्तच जीव घाबरते, मी फेकून देल्ली." तिचं काय चुकलं? कमी मात्रेनं सुरू करून हळूहळू वाढवली तर हा त्रास पुष्कळदा सोसवतो. पंचविशीच्या आतल्या मुलींवर मात्र सुरुवातीला लक्ष ठेवावं लागतं. जीव द्यायचे विचार वाढले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रोवणीत कंबर धरली म्हणून दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक याच गोळीबरोबर घेतली, तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. शरीरसंबंधाची इच्छाही कमी होऊ शकते. हे बाईला सांगितलेलं मी अजून ऐकलं नाही. जणू तिला ती इच्छा नसतेच.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांचं उलट. तासाभरात बरं वाटतं, म्हणून त्या आवडतात आणि काही दुकानांत चिठ्ठीशिवायही मिळतात. पण रोज घेत गेलं की काही आठवड्यांतच सवय जडू शकते, आणि एकदम सोडली तर अंग कापतं, झोप उडते, क्वचित झटकेही येतात. वरून मोहाची दारू पोटात गेली तर श्वासच मंदावतो. आणि गुंगी! शहरातल्या बाईला सकाळची थोडी सुस्ती म्हणजे चहा उशिरा. मार्च-एप्रिलात आमची बाई पहाटे अंधारातच मोहफुलं वेचायला रानात शिरते. तिथे सुस्त राहून चालत नाही. डॉक्टर ज्याला 'किरकोळ दुष्परिणाम' म्हणतात, तो तिच्या दिवसात बसवून पाहिला तर किरकोळ उरत नाही. मळमळीचं तसं नाही. घरचे घाबरतात, पण ती पंधरा दिवस सोसायला तयार असते.

म्हणून हा हिशेब सासूनं, नवऱ्यानं, दुकानदारानं करू नये, आणि आपणही करू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २२ नं रुग्णाला, सुचवलेल्या उपचाराचे ज्ञात दुष्परिणाम कळण्याचा हक्क दिला आहे, तोही तिला समजेल अशा भाषेत. गोंडी बोलणाऱ्या म्हातारीला तो कुणी गोंडीत दिला, हे विचारायला हवं.

बाई डॉक्टरकडे निघाली की आम्ही तिच्याबरोबर एक जण जाते. विचारायचं ते आधीच ठरलेलं असतं: ही कोणत्या तऱ्हेची, गुण कधी येईल, किती दिवस घ्यायची, सोडायची कशी, पोटात किंवा अंगावर पिणारं मूल असलं तर? आणि आमचा सर्वांत अवघड प्रश्न: पावसाळ्यात नाल्याला पूर आला, रस्ता बंद पडला, गोळ्या संपल्या, तर काय करायचं? १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फुकट बोलता येतं, पण फोनवरून गोळी हातात पडत नाही. यंदा पावसाळ्याआधी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन आम्ही एकच विचारणार आहोत: या गोळ्यांचा दोन महिन्यांचा साठा तुमच्याकडे आहे का?