हसायचे कोणाला, हे आधी ठरवा!

शिक्षकांच्या ताणतणावावर हल्ली एकच औषध सांगितले जाते. संगीत ऐका, खळखळून हसा, मन प्रसन्न ठेवा! गाण्याने आणि हसण्याने मन हलके होते, हे आम्ही नाकारत नाही. पण शाळेच्या स्टाफरूममध्ये हसतो कोण आणि हसे होते कोणाचे, हा प्रश्न उपदेश करणारे विचारीत नाहीत. तो आम्हाला विचारावाच लागेल.

बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत सोलापुरात वसतिगृह सुरू केले. शिक्षणाची जी वाट तेव्हा उघडली, त्या वाटेने आलेली आमची मुले-मुली आज शहरात आणि खेड्यापाड्यांत फळ्यासमोर उभी आहेत. मात्र मधल्या सुट्टीत चहाबरोबर त्यांच्या वाट्याला काय येते? 'कोट्यातले मास्तर', 'सरकारचे जावई', १४ एप्रिलच्या गाण्यांची नक्कल आणि मग हशा! नोकरी करायची आहे म्हणून आमचा शिक्षकही त्या हशात सामील होतो. घरी गेल्यावर मात्र त्याला झोप लागत नाही.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली विनोदाचे चार प्रकार मांडले. माणसे जोडणारा आणि संकटात धीर देणारा विनोद मनाला पोषक ठरतो. दुसऱ्याला टोचणारा विनोद नाती बिघडवतो. आणि इतरांनी आपल्याला स्वीकारावे म्हणून माणूस स्वतःचीच टिंगल करतो, त्या विनोदाचे नाते नैराश्याशी असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे हसणारा प्रत्येक माणूस सुखी नसतो!

आमच्या चळवळीला हे फार आधी उमगले होते. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशात गाणे होते, हजरजबाबी सवाल-जवाब होते आणि भरपूर हशाही होता. पण तो हशा भटशाहीवर, सावकारीवर, अंधश्रद्धेवर होता. दिवसभर राबून, अपमान गिळून आलेली माणसे तिथे एकत्र हसत आणि ताठ मानेने घरी जात. तो हशा गुंगी आणणारा नव्हता, जागे करणारा होता.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. जातीवरच्या टिंगलीला शिक्षक संघटनांनी 'गंमत' म्हणणे बंद करावे. लोकांदेखत जातीवरून अपमान करणे हा १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याने गुन्हा आहे, हे प्रत्येक मुख्याध्यापकाने ध्यानात ठेवावे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामांना मनाई केली आहे. ती पाळली, तर शिक्षकाला गाण्यासाठी उसंत तरी मिळेल.

आणि सोलापुरातील बांधवांनो, बुद्धविहारे केवळ जयंतीपुरती गजबजू नयेत. महिन्यातून एक संध्याकाळ शिक्षकांसाठी ठेवा. ढोलकी काढा, पेटी काढा, भीमगीते होऊ द्या. तिथे आपली शिक्षिका मनातले बोलेल, हसेल, हसवेल. दुसऱ्या दिवशी वर्गात ती मोकळ्या मनाने उभी राहिली, तर लाभ आपल्याच लेकरांचा आहे.

जयभीम!