फुकट आहे, पण बेवारस नाही!

दोस्तांनो, आई-बाबांचा अँड्रॉइड फोन बघा. (गेम नंतर हं!) त्यात दोन प्रोग्राम शेजारी-शेजारी नांदतात. दोन्ही फुकट, पण तऱ्हा निराळी.

पहिला एसक्यूलाइट. माहिती नीट लावून ठेवणं हे त्याचं काम. २००० साली रिचर्ड हिप या अमेरिकन गृहस्थांनी तो तयार केला आणि त्यावरचा हक्कच सोडून दिला. याला म्हणतात पब्लिक डोमेन. बदला, विका, केलेले बदल लपवून ठेवा. कुणी जाब विचारणार नाही.

दुसरा लिनक्स. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तो सुरू केला. इथे हक्क लिहिणाऱ्यांकडेच आहे. त्याचा परवाना, जीपीएल, म्हणतो : खुशाल बदला, विकासुद्धा! पण बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला दिलात, तर त्याचा सोर्स कोड आणि तीच मोकळीक त्यालाही द्या. नाहीतर हजारोंची मेहनत एखादी कंपनी कुलपात ठेवील! २००४ साली जर्मनीत, म्युनिकच्या कोर्टानेही ही अट मान्य केली.

तेव्हा फुकटचा प्रोग्राम घेताना परवाना वाचा. नाही कळला, तर आई-बाबांना विचारा. त्यांनाही नाही कळला? मग मिळून वाचा!