कोटेशनमधले चार तास

आपल्या धंद्यात कोटेशनच्या तळाशी एक ओळ वर्षानुवर्षं जशीच्या तशी छापली जाते : ‘कार्पेट चार ते सहा तासांत वाळेल.’ मे महिन्यात तीच, जुलैत तीच. नागपूरला तीच, परळला तीच. मशीन बनवणाऱ्यांच्या माहितीपत्रकातून ती आपल्याकडे आली, आणि आपण कोणत्या हवेत काम करतो हे त्या माहितीपत्रकाला ठाऊक नव्हतं.

थोडा हिशेब करू. शंभर चौरस मीटरचं, म्हणजे साधारण हजार-अकराशे चौरस फुटांचं ऑफिस घ्या, उंची तीन मीटर. आत तीनशे घनमीटर हवा. मुंबईच्या जुलैत तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर त्या हवेच्या प्रत्येक घनमीटरमध्ये अजून जेमतेम चार ग्रॅम वाफ मावते. सगळी खोली मिळून सव्वा लिटर. नागपूरच्या मे महिन्यातली, ४२ अंशांची आणि २० टक्के आर्द्रतेची हवा त्याच खोलीत असती आणि तापमान टिकून राहिलं असतं, तर तिने तेरा लिटरच्या वर पाणी घेतलं असतं. आता एक्स्ट्रॅक्शननंतर चौरस मीटरमागे फक्त दोनशे मिलिलिटर पाणी कार्पेटात राहिलं असं धरा. ते होतं वीस लिटर. सव्वा लिटर हवेत गेलं की वाळणं जवळपास थांबतं. उरलेलं जाणार कुठे? खिडक्या उघडाव्यात तर बाहेरची हवाही तितकीच भिजलेली.

ब्लोअर लावले की काम झालं, हा गैरसमज इथेच मोडतो. ब्लोअर ओल्या तंतूंलगतची दमट हवा हलवतो, आणि ते आवश्यकच आहे. पण खोलीतलं पाणी तो खोलीबाहेर काढत नाही. पावसाळ्यात बंद घरात दोरीवर टाकलेल्या कपड्यांना नुसता पंखा किती पुरतो, हे आपल्या प्रत्येकाच्या घरात माहीत आहे. पाणी हवेतून काढायचं तर डिह्युमिडिफायर हवा, नाहीतर चालू कॉम्प्रेसरचा एसी.

‘चालू कॉम्प्रेसरचा’ हे मुद्दाम म्हणतोय. शनिवारी रात्री ऑफिस रिकामं, दिवे बंद, माणसं नाहीत, कॉम्प्युटर बंद. खोलीत उष्णताच नसल्यामुळे २४ वर ठेवलेला एसी थोड्या वेळात तिथे पोहोचतो आणि कॉम्प्रेसर थांबतो. पंखा मात्र फिरत राहतो आणि थंड कॉइलवर जमलेलं पाणी पुन्हा खोलीत उडवतो. सकाळी सुपरवायझर सांगतो, ‘रात्रभर एसी चालू होता.’ होता, पण पाणी काढत नव्हता. ड्राय मोड असेल तर तो लावावा, नसेल तर तापमान शक्य तितकं खाली ठेवावं. आणि ड्रेनच्या नळीतून पाणी पडतंय का, ते डोळ्यांनी पाहावं. तो मीटर फुकट आहे.

मोठ्या काचेच्या इमारतींत तर याहून अवघड. शनिवारी संध्याकाळी एएचयू बंद होतात, खिडक्या उघडत नाहीत, आणि आपलं काम नेमकं तेव्हाच सुरू होतं. रात्री दहाला भिजवलेलं कार्पेट सोमवारी नऊला लोक येतात तेव्हा पस्तीस तास बंद हवेत पडलेलं असतं. बुरशी धरायला २४ ते ४८ तासांचा ओलावा पुरतो. सोमवारच्या कुबट वासाची तक्रार आली की आपण केमिकल बदलतो किंवा वर सुगंधी फवारा मारतो. बिचाऱ्या शाम्पूचा त्यात फारसा दोष नसतो.

तीच गोष्ट परत वर येणाऱ्या डागांची. वाळायला जितका वेळ, तितका वेळ तळातलं पाणी तंतूंमधून वर चढत राहतं आणि विरघळलेला मळ टोकाशी आणून सोडतं. ज्यूटचं बॅकिंग आणि अल्कधर्मी शाम्पू एकत्र आले तर तपकिरी छटा येते, ती वेगळीच. सौम्य आम्ल मारून ती बरीच निघते, पण पाणी कमी घातलं असतं तर काढायला काही उरलंच नसतं.

म्हणून पहिली बचत हवेत नाही, वॉन्डमध्ये आहे. आपल्याकडे फवाऱ्याचा ट्रिगर दाबायला बोटं तयार असतात; ट्रिगर सोडून नुसतं ओढायला हात कंटाळतात. एका ओल्या फेरीमागे दोन-तीन कोरड्या फेऱ्या झाल्याच पाहिजेत. पाणी किती राहिलं हे कळायला महागडं उपकरणही लागत नाही : स्वच्छ टाकीत आणि प्रीस्प्रेमध्ये घातलेले लिटर वजा रिकव्हरी टाकीतून निघालेले लिटर. फेस आधी बसू द्यावा, नाहीतर रिकव्हरीचा आकडा फुगतो. ही वजाबाकी रोज जॉबकार्डवर लिहायला लावली, की कोणता ऑपरेटर पाणी सोडून येतो हे आपोआप समजतं. रोजच्या देखभालीसाठी पावसाळ्यात एनकॅप्स्युलेशनसारख्या कमी पाण्याच्या पद्धतीकडे वळावं, आणि खोल धुलाई शक्य असेल तर ऑक्टोबरनंतर घ्यावी.

वरून हात लावून ‘वाळलं’ म्हणणं मात्र सोडायला हवं. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलावा पोटात घेऊनही हाताला कोरडी लागते. भदोहीच्या हातगाठीच्या गालिच्यात खालचा ताणा सुती असतो. तो सगळ्यात शेवटी वाळतो आणि ओला राहिला तर कुजतो. कार्पेट टाइलचं पीव्हीसी बॅकिंग पाणी आरपार जाऊ देत नाही, पण सांध्यांतून ते खाली उतरतं, आणि रेझ्ड फ्लोअर असेल तर खाली केबल असतात. एखादी टाइल उचलून पाहायला दोन मिनिटं पुरतात.

राहिला पैशाचा प्रश्न. वाळवण्याचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा दाखवला की ग्राहक तीच ओळ आधी कापतो, हा सगळ्यांचा अनुभव आहे. तरीही ती दाखवावी, आणि कापली तर चार तासांचं आश्वासनही त्याच पेनाने कापावं. सुट्टीच्या दिवशी एएचयू चालवायचे बहुतेक इमारती तासावर पैसे लावतात. तो दर कोटेशन देण्याआधी इमारतीच्या व्यवस्थापनाकडून लेखी मागून घ्यावा, म्हणजे शनिवारी रात्री साडेनऊला फॅसिलिटी मॅनेजरला फोन करून घासाघीस करावी लागणार नाही.