चेंबरचा बोल्ट आणि कृष्णेचे पाणी

मोटारीचे इंजिन ऑइल आणि फिल्टर घरच्या घरी बदलावा का, या प्रश्नावर दोन ठाम मते ऐकू येतात. पहिले मत ‘जेणो काम तेणो थाय’ या पंथाचे. गाडी ही तज्ज्ञांनी हात लावण्याची वस्तू, मालकाने हप्ते भरावेत आणि सर्व्हिसिंगची तारीख पाळावी. दुसरे मत नव्या उत्साहाचे. गॅरेजवाले लुटतात, पाना हातात घ्या, अर्ध्या तासात काम फत्ते. पहिल्या मताला मालकाच्या अकलेवर विश्वास नाही आणि दुसऱ्याला काम कुठे संपते याचा पत्ता नाही. माझे म्हणणे असे की हे काम सामान्य मालकाच्या आवाक्यातले आहे आणि त्याच्याविरुद्धचे बहुतेक आक्षेप टिकत नाहीत. एक आक्षेप मात्र टिकतो, आणि घरगुती ऑइल बदलाचे पुरस्कर्ते नेमका तोच टाळतात. त्याचे उत्तर ज्याच्यापाशी आहे त्याने खुशाल बोल्ट सोडावा. ज्याच्यापाशी नाही त्याने गाडी गॅरेजला न्यावी.

पहिला आक्षेप लायकीचा: इंजिनाचे काम शिकलेल्या माणसानेच करावे. हा आक्षेप कृष्णाकाठी घेताना इथला इतिहास आडवा येतो. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. तिथून आधी लोखंडी नांगर आणि पुढे पंप बाहेर पडले. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने डिझेल इंजिने बनवली, तर 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. खेड्यापाड्यांत वीज पोचेपर्यंत विहिरीचे आणि नदीचे पाणी शेतात चढवण्याचे काम अशाच इंजिनांनी केले. पायावर बोल्टने आवळलेले ते धूड उचलून कोणी शहरात सर्व्हिसिंगला नेत नव्हते. त्याचे ऑइल सोडणे, गाळणी पुसणे, नवे ऑइल भरणे ही कामे शेतकरी बांधावर बसून करत आला, आणि आजही ट्रॅक्टरचे तास मोजून ऑइल बदलणारे शेतकरी सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत गावोगाव आहेत. ज्या मुलखात तीन पिढ्या हे काम न शिकलेल्या हातांनी नीट पार पडले, तिथे सुशिक्षित मोटारमालकाला ते झेपणार नाही म्हणणे हा तर्क नव्हे, अविश्वास आहे.

यावर प्रतिवाद येतो की ती इंजिने साधी होती, आजची गाडी म्हणजे चाकांवरचा संगणक. गाडी बदलली हे खरेच, पण ऑइल बदलण्याची रीत बदललेली नाही. जुने खालून सोडायचे, फिल्टर काढून नवा बसवायचा, नवे वरून भरायचे. बदलली आहे ती ऑइलची निवड, आणि तिथे चूक महागात पडते. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहा लागू झाल्यावर बहुतेक डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी आली. चुकीचे ऑइल घातले तर त्यातून होणारी राख तिथे साचत जाते आणि जाळी तुंबते. म्हणून दुकानदार म्हणतो ते ऑइल घालायचे नसते. गाडीच्या पुस्तिकेत जो ग्रेड आणि जो दर्जा छापला आहे तोच घालायचा असतो. पण ही अट गॅरेजलाही तितकीच लागू आहे. मोठ्या बॅरलमधून सगळ्या गाड्यांना एकच ऑइल ओतले जाते, तिथे पुस्तिका उघडली जातेच याची खात्री काय? सीलबंद डबा स्वतः फोडणाऱ्या मालकाला आत काय गेले हे नक्की ठाऊक असते.

प्रत्यक्ष काम पाहिले तर अडचण ताकदीची नसून धीराची आहे. इंजिन थोडे गरम हवे, म्हणजे ऑइल पातळ होऊन तळाचा गाळ घेऊन उतरते. फार गरम असेल तर तेच ऑइल हात भाजते. चेंबरच्या तळाला असलेला बोल्ट चौदाच्या किंवा सतराच्या रिंग पान्याने सैल करायचा आणि शेवटचे आटे बोटांनी सोडायचे. बोल्टखालचे वॉशर एकदाच दाबले जाण्यासाठी असते, तेव्हा दरवेळी नवे घालायचे. जुना फिल्टर निघाला की त्याची रबरी रिंग त्याच्याबरोबर आली का, हे बोट फिरवून पाहायचे. ती इंजिनाला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसली, तर इंजिन सुरू होताच दाबाखालचे ऑइल तिथून उसळते. नव्या रिंगला ऑइलचा हात फिरवायचा, फिल्टर टेकेपर्यंत फिरवायचा आणि मग हातानेच साधारण पाऊण फेरा आवळायचा, पान्याने नाही. बोल्ट आवळताना जोर दाखवला तर ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात आणि वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च पदरात पडतो. छोट्या पेट्रोल गाडीला साधारण 3 ते 3.5 लिटर ऑइल लागते. ते घालून इंजिन मिनिटभर चालवायचे, बंद करून थोडा वेळ थांबायचे आणि डिपस्टिकवरच्या दोन खुणांमध्ये पातळी आहे का ते पाहायचे. यातली प्रत्येक पायरी काळजीची आहे, गूढ एकही नाही.

दुसरा आक्षेप वॉरंटीचा, आणि तो बहुधा भीती घालण्यासाठीच वापरला जातो. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या निकालात सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. गाडी बाहेरच्या गॅरेजात नेली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असेही आयोगाने बजावले. निकालाविरुद्ध अपिले झाली, तरी त्यामागचा तर्क सरळ आहे. ज्या कामामुळे बिघाड झाला त्याची जबाबदारी काम करणाऱ्याची, न झालेल्या बिघाडाची कोणाचीच नाही. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्यातही मोटारींचा समावेश आहे. तरीही व्यवहार म्हणून मी आक्षेपकांना एक गोष्ट देऊन टाकतो. वॉरंटी असेपर्यंत गाडी कंपनीकडेच न्यावी. सुरुवातीच्या सर्व्हिसिंगला बहुधा मजुरी नसतेच, आणि पुढे दाव्याची वेळ आली तर शिक्क्याचा कागद उपयोगी पडतो. पण रस्त्यावरच्या कितीतरी गाड्यांची वॉरंटी केव्हाच संपली आहे. जी गोष्ट उरलीच नाही ती जाण्याची भीती त्यांच्या मालकांना कशाला?

तिसरा आक्षेप फायद्याचा: वर्षातून एकदा, किंवा 10,000 किलोमीटरला एकदा होणाऱ्या कामात वाचणार ते किती? फारसे नाही, हे मान्य. पाने, फिल्टर पाना, स्टँड आणि घमेले यांचा खर्च भरून यायलाच दोन-तीन वर्षे जातात. म्हणून घरगुती ऑइल बदलाचे समर्थन बचतीवर उभे करणाऱ्यांची बाजू लंगडी पडते. खरा फायदा समजेचा आहे. ऑइल काळे पडले म्हणजे बाद झाले, हा समज घ्या. काजळी पकडून ठेवणे हे ऑइलचे कामच असते, आणि डिझेल गाडीत तर ते बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे होते. रंगाकडे बोट दाखवून मुदतीआधी ऑइल बदलायला लावणारा माणूस जाणत्या मालकापुढे टिकत नाही. दुसरे उदाहरण पुराचे. सांगलीने 2005, 2019 आणि 2021 असे तीन मोठे पूर पाहिले. पाणी ओसरल्यावर दारातली गाडी सुरू करून पाहण्याचा मोह सर्वांना होतो. ज्याला डिपस्टिक उपसायची सवय आहे तो आधी ती पाहतो. ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचे दिसले तर आत पाणी शिरले आहे हे ओळखून तो किल्लीला हात लावत नाही. त्या एका ओळखीने अख्खे इंजिन वाचू शकते.

सुरक्षेचा आक्षेप गंभीर आहे, पण तो काम करण्याला नसून चुकीच्या पद्धतीला आहे. गाडीसोबत मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे हा जिवाशी खेळ. पक्की सपाट जमीन, मागच्या चाकांना ओट, हँडब्रेक आणि वजन पेलणारे स्टँड किंवा रॅम्प एवढे नसेल तर हे काम करूच नये. सोसायटीच्या उताराच्या पार्किंगमध्ये, शेजाऱ्याच्या स्कूटरला खेटून तर नाहीच नाही. गॅरेजवाल्यांच्या पोटावर पाय येतो, या आक्षेपात मात्र फारसा दम नाही. साताऱ्याच्या गोडोलीत काय किंवा मिरजेच्या वेशीवर काय, चांगल्या मिस्त्रीचा संसार क्लच, ब्रेक, सस्पेन्शन आणि निदान करण्याच्या कसबावर चालतो. स्वतः ऑइल बदलणारे गिऱ्हाईक त्या कसबाची किंमत इतरांपेक्षा जास्त जाणते.

आता टिकणारा आक्षेप. प्रत्येक ऑइल बदलानंतर घमेल्यात तीन-साडेतीन लिटर जळके ऑइल उरते. त्यात इंजिनाच्या झिजेतले धातू असतात आणि ज्वलनातून आलेली, कर्करोगाशी जोडली जाणारी रसायने असतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या म्हणण्यानुसार एका ऑइल बदलातले ऑइल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे 38 लाख लिटर गोडे पाणी नासवू शकते. हे इतरत्र नुसते आकडे असतील, इथे तो नकाशा आहे. सातारा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेले. तिथल्या ओढ्यांत पडलेले कृष्णा-वेण्णेकडे निघते, माहुलीचा संगम ओलांडते, कऱ्हाडला कोयनेला मिळते आणि सांगलीला पोचते. सांगली-मिरज पिते ते कृष्णेचेच पाणी, आणि शहराचे सांडपाणी नदीत नेणाऱ्या शेरी नाल्याचे दुखणे सांगलीकरांना वर्षानुवर्षे परिचित आहे. साताऱ्यातल्या गटारीत ओतलेले ऑइल सांगलीच्या वाट्याला येते, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही, उतार पुरेसा आहे.

यावर घरगुती पंथाची उत्तरे ठरलेली आहेत. जळके ऑइल वाया जात नाही, वाळवीसाठी दाराच्या चौकटीला लावतो, सेंट्रिंगच्या प्लेटांना देतो, बैलगाडीच्या आखाला घालतो. ही उत्तरे जुनी आहेत एवढाच त्यांचा गुण. लाकडाला चोपडलेले ऑइल पावसात धुऊन मातीत उतरते आणि लावणाऱ्याच्या कातडीवरही बसते. दुसरे उत्तर असे की गॅरेजवाले तरी कुठे नीट टाकतात? काही टाकत नसतील. पण दुसऱ्याच्या गटारीने आपली गटार शुद्ध होत नाही. शिवाय गॅरेजात ऑइल एका बॅरलमध्ये जमते, त्याला भाव मिळतो आणि नेणारा दारात येतो. घरात जमलेल्या साडेतीन लिटरसाठी कोणी येत नाही. घरगुती पद्धतीची खरी कमजोरी इथे आहे, आणि ती तंत्राची नसून व्यवस्थेची आहे.

कायदा निम्म्या वाटेपर्यंत आला आहे. 2016 च्या घातक कचरा नियमांप्रमाणे वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते आणि ते अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जायला हवे. 2023 च्या दुरुस्तीने, 1 एप्रिल 2024 पासून, ऑइल विकणाऱ्या उत्पादकांवर त्याच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकली. ती योग्यच आहे, कारण ऑइल स्वतः झिजत नाही, झिजतात ती त्यातली मिसळद्रव्ये. शुद्ध केले की त्याचे पुन्हा मूळ तेल होते. पण ही जबाबदारी घरातल्या डब्यापर्यंत अजून पोचलेली नाही. जर्मनीत ऑइल विकणाऱ्या दुकानदाराला, विकले तेवढे जुने ऑइल फुकट परत घ्यावे लागते. असा नियम इथे अवघड नाही, कारण डबा विकणारा दुकानदार गावागावांत आहे. 2016 च्याच घनकचरा नियमांनी शहरात दर 20 चौरस किलोमीटरला घरगुती घातक कचऱ्याचे एक संकलन केंद्र सांगितले. रंगाचे डबे आणि ट्यूबलाइट जिथे घ्यायच्या तिथेच ऑइलचा कॅनही घ्यावा, ही मागणी सातारा नगरपालिकेकडे आणि सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेकडे करायला हरकत काय?

तोपर्यंतचा मार्ग गैरसोयीचा आहे, पण आहे. जुने ऑइल नव्या ऑइलच्याच रिकाम्या कॅनमध्ये भरावे. त्यात रॉकेल, पेट्रोल, कूलंट काही मिसळू नये, कारण मिसळलेले ऑइल शुद्ध करणाऱ्याच्या कामाचे राहत नाही. फिल्टर रात्रभर पालथा निथळू द्यावा. कॅन अशा गॅरेजला द्यावा, ज्याचे ऑइल परवानाधारक उचलतो, आणि ते त्याला विचारूनच द्यावा. परवाना कोणाकडे आहे याची चौकशी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सातारा किंवा सांगलीच्या कार्यालयात करता येते. ही चौकशी ऑइल काढल्यावर नव्हे, आधी करायची. जळके ऑइल कोणाला द्यायचे हे ज्याने ठरवलेले नाही, त्याने चेंबरच्या बोल्टला पाना लावू नये.