कुत्र्याची खाज आणि प्रोबायोटिकचा डबा

कुत्रा सारखा पंजे चाटतो, कान झटकतो, रात्रभर खाजवून घरच्यांची झोपमोड करतो. अशा वेळी 'याला प्रोबायोटिक सुरू करू का?' असे हल्ली बरेच जण विचारतात. प्रोबायोटिक म्हणजे आतड्यात उपयोगी पडणारे जिवंत जंतू. महागडा डबा येतो, दोन-तीन महिने भुकटी चारली जाते आणि तोवर कातडी सोलवटून तिच्यात पू होतो. माझे स्पष्ट मत असे की, हा डबा खरेदीच्या यादीत शेवटी यावा.

पहिला संशय पिसवांचा. शेपटीच्या बुडाशी आणि कमरेवर खाज असेल तर एखाददुसरी पिसूही पुरते, कारण ॲलर्जी तिच्या लाळेची असते. घरातील सर्व कुत्र्या-मांजरांना एकाच वेळी औषध लावावे, अंथरूण कढत पाण्यात धुवावे. खरूज आहे की नाही हे कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावे लागते. (जळके ऑईल फासण्याचा अघोरी उपाय कुणी करू नये. कुत्रा ते चाटतो.)

त्यानंतर खाणे. दूध-पोळी हा आपल्याकडच्या कुत्र्यांचा नेहमीचा आहार. पण कुत्र्यांच्या अन्नाच्या ॲलर्जीत पुन्हा पुन्हा सापडणारे पदार्थ म्हणजे गोमांस, दूध, कोंबडी आणि गहू! त्यामुळे 'डबा कशाला, घरचे दही द्या' हा शेजाऱ्यांचा सल्ला सरसकट लागू पडत नाही. दह्यातले जंतू चांगले असले तरी प्रथिने दुधाचीच. संशय पक्का करायचा तर पूर्वी कधी न खाल्लेले अन्न पशुवैद्यकाच्या सल्ल्याने किमान ८ आठवडे द्यावे लागते आणि दुसरे काहीही तोंडात जाऊ द्यायचे नसते. इथेच डबा घात करतो. कुत्र्यांसाठीच्या अनेक भुकट्यांना कोंबडीची किंवा काळजाची चव दिलेली असते. चिमूटभर भुकटीने आठ आठवड्यांचे पथ्य वाया जाते.

प्रोबायोटिक अगदीच निरुपयोगी आहे असे नाही. फ्लोरिडा विद्यापीठात बीगल जातीच्या कुत्र्यांवर झालेला प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी दिलेल्या पिल्लांच्या रक्तात ॲलर्जीची प्रतिद्रव्ये कमी आढळली, पण बाहेरून दिसणाऱ्या लक्षणांत ठळक फरक पडला नाही. शिवाय ती पिल्ले होती, आजार जडण्यापूर्वीची. चार-पाच वर्षे खाजवणाऱ्या कुत्र्याला तोच लाभ होईल असे कसे म्हणावे?

तरीही घ्यायचेच असेल, तर आधी घटकांची यादी वाचावी आणि चव कशाची आहे ते पाहावे. जंतूचे पूर्ण नाव वाणासह लिहिलेले असावे. नुसते 'उपयुक्त जीवाणू' म्हणणारा डबा परत करावा. जंतूंची संख्या तयार करतेवेळची की मुदत संपेपर्यंतची, हेही पाहावे. मे महिन्यात पत्र्याखालच्या दुकानात, वीज गेलेली असताना डब्यातले किती जंतू जिवंत राहत असतील? बॅसिलस जातीचे जंतू बीजाणूरूपात असल्याने उष्णता बरीच सोसतात. लॅक्टोबॅसिलस मात्र फार नाजूक. माणसांच्या साखरविरहित पुड्यांत झायलिटॉल असू शकते. ते कुत्र्याला विषारी आहे, थोडेसेही जिवावर बेतते.

प्रतिजैविक चालू असेल तर दोन्हींमध्ये काही तासांचे अंतर ठेवावे. सॅकरोमायसिस ही यीस्ट असल्याने बुरशीनाशक गोळ्यांबरोबर देण्यात अर्थ नाही. स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू असलेल्या कुत्र्याला विचारल्याशिवाय काहीच देऊ नये. सुरू केल्यावर रोजची खाज शून्य ते दहा अशा अंकांत दिनदर्शिकेवर लिहावी, त्या काळात दुसरे नवे औषध सुरू करू नये. दोन महिन्यांत आकडा खाली आला नाही, तर दुसरा डबा आणू नये.