कारखाना आणि नदी

कारखाना आला की नदीने काळी व्हावयाचीच, असे आमच्या पुष्कळ सुज्ञ मंडळींस वाटते, व त्यास इंग्लंडचा दाखला देण्यात येतो. परंतु तो दाखला अर्धाच आहे. मँचेस्टरच्या गिरण्यांनी अर्वेल नदी नासविली हे खरे. पण १९३२ साली तेथील कामकरी जमीनदारांची बंदी मोडून किंडर स्काउटच्या डोंगरावर चढले, व त्यांपैकी पाच जणांनी तुरुंगवास भोगिला. पुढे १९४९ साली कायदा झाला आणि १९५१ साली तो डोंगर ब्रिटनच्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानात आला. तेथे लोक आधी चालले, कायदा मागून आला.

नाशकात नेमके उलट आहे. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ पासून आहे. चालणारे लोक मात्र नाहीत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी हजारो कुटुंबांस अन्न दिले, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करितो. परंतु त्याच भागातून येणारी नंदिनी, म्हणजे आपली नासर्डी, शहराची घाण घेऊन टाकळीस गोदावरीत मिळते. आणि त्याच गोदावरीवर खाली नांदूरमध्यमेश्वर आहे, ज्यास महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ होण्याचा मान मिळाला!

व्यापारी व कारखानदार बंधूंस आमची एवढीच विनंती आहे की, नासर्डीच्या पाण्याची परीक्षा त्यांनी दरमहा स्वखर्चाने करवावी व निकाल चव्हाट्यावर लावावा. ज्याचा हिशेब चोख, त्यास वही उघडण्याचे भय कसले?